गोम पकडायचा खेळ

आमच्या घरी गप्प जेवायची पद्धत नव्हती. कुणी खाली मान घालून मुकाट भाकरी मोडत बसलं की नाना विचारायचे, "काय, पोट दुखस का?" नाना म्हणजे माझे वडील. भडगावाहून गिरणेच्या काठाकाठानं बैलगाडी निघाली की उन्हं कलायच्या आत आमचं गाव यायचं. तिथं आमची कपाशी होती, ज्वारी होती, नदीच्या अंगाला थोडी भाजीपाल्याची जमीन होती. चुलीजवळ माझी माय आणि काकी. माय भाकरी थापायची, काकी त्या फुगवून पाटीत टाकायची. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, उडदाचं घुटं, बुक्कीनं फोडलेला कांदा. पंगतीला नाना, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, माझा मोठा भाऊ सुपडू, आणि काकीचा एकुलता एक भिका. मी वाढायला. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथं काही बोलणं तसंच ठेवते, काही वाचणाऱ्यांसाठी सोपं करून सांगते.

नाना चार बुकं शिकलेले, पण एकदा धुळ्याच्या कोर्टात त्यांना पंच म्हणून बसायला बोलावणं आलं होतं. खटला बैलचोरीचा होता. साक्षीदारानं छातीठोकपणे सांगितलं, की हा माणूस गावात आला आणि त्याच दिवशी बैल गेला, मग दुसरं कोण असणार? त्यावर एक म्हातारे वकील उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी गावात आणखी कोण कोण आलं होतं?" साक्षीदार म्हणाला, "बाजारचा दिवस होता साहेब, अर्धा तालुका आला होता." सगळं कोर्ट हसलं. नाना ते हसू घेऊन घरी आले आणि ते त्यांना जन्मभर पुरलं. धुळ्याची दुसरी कुठली गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. मात्र तेव्हापासून जेवताना एक खेळ सुरू झाला. नाना मुद्दाम वाकडं काहीतरी सांगायचे आणि म्हणायचे, "पकडा गोम." म्हणजे ह्या बोलण्यात खोट कुठं आहे ते दाखवा. एकदा म्हणाले, "शेजारचा धोंडू रोज दोन कांदे खातो आणि कुस्ती मारतो. म्हणजे कांदा खाणारा पहिलवान होतो." मी म्हटलं, "मग तुम्ही चार खाता, तुम्ही का असे काडीसारखे?" काकांना हसता हसता ठसका लागला होता.

पण खरी गोम पकडायची ती काकी. नाना तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर तिनं पदर पुढं ओढून बसायचं, त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही, असा रिवाज. म्हणून ती माझ्या कानात सांगायची आणि मी मोठ्यानं बोलायची. नाना म्हणाले, "वैद्याचा काढा एकदम गुणकारी. ज्याला विचारा तो चांगलंच सांगतो." आम्ही सगळे डोकी खाजवत बसलो. काकीनं माझी वेणी ओढली आणि कुजबुजली, "जे मरी गयात तेस्ले कोणी इचारं?" मी ते ओरडून सांगितलं. नानांनी हातातला घास खाली ठेवला, चुलीकडं न बघता म्हणाले, "हे तुनं नही. पण शाब्बास." काकी पदराआड हसली ते तिच्या खांद्यांवरून कळलं. लिहायला वाचायला येत नव्हतं तिला, पण डोकं असं की धुळ्याच्या वकिलाला पाणी पाजलं असतं.

हा खेळ माझ्या अंगात इतका मुरला की त्यापायी मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. मी आता जळगावला, पिंप्राळ्यात नातवाकडं राहते. परवा शेजारीण सांगत होती, सून घरात आली आणि महिन्यात मुलाची बढती झाली, लक्ष्मीचीच पावलं. मी म्हटलं, "त्याच्या हापिसातल्या आणखी तिघांचीही झाली म्हणे. त्यांच्याकडं कुठं सून आली?" तेव्हापासून ती बाई मला हळदीकुंकवाला बोलवत नाही. नको बोलवू. माझं मेलीचं तोंडच तसं आहे.

माझं लग्न झालं त्या साली श्रावणात पाऊस नीट झाला नाही, पण कानबाई देवीचे रोट व्हायचेच होते. आमच्याकडं हा मोठा कुळाचार. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो घरच्या जात्यावर दळायचा, आणि त्याच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी असा सगळा स्वयंपाक, म्हणजेच रोट, कानबाईपुढं ठेवून भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या पोटात त्यातला कणही जाता कामा नये. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं. लग्न झालेली लेकही परकी. माझं लग्न उन्हाळ्यात लागलं होतं, सासरी पाठवायची बाकी होती, म्हणून मला त्या वर्षी पहिल्यांदाच रोट मिळाला नाही. मी रुसून मागच्या दारी बसले होते. भिका चार-पाच वर्षांचा असेल. "मना गहू मीच मोजसू," म्हणून त्यानं सकाळी एवढा गोंधळ घातला की काकीनं त्याच्याच चिमुकल्या मुठीनं त्याचा गहू मोजू दिला होता. तो हातात पुरणपोळी घेऊन माझ्याजवळ आला. कुंपणापलीकडं शेतात निंदायला येणाऱ्या भिल्ल बाईची लहान पोर उभी होती, नाक वाहणारी, नजर पोळीवर. भिकानं पोळी मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली. मी वर पाहिलं तर दारात काकी. तिनं ते पाहिलं होतं. तिनं मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि आत गेली. तेवढंच. कुठलं पाप आणि कुठलं काय, पोर भुकेली होती आणि पोरानं पोळी दिली.

आश्विनात मानमोडीची साथ आली. आधी तालुक्याच्या गावातून बातम्या आल्या, मग आगगाडीतून उतरून आलेल्या कुणाला तरी ताप भरल्याचं ऐकलं, मग दर घरात. अंग मोडून यायचं, ताप चढायचा, खोकला सुरू व्हायचा आणि मान अशी गळायची की माणूस उशीवरून डोकं उचलू शकायचा नाही. पहाटे गावभर जात्यांचा आवाज असायचा, तो हळूहळू विरळ होत गेला आणि एका सकाळी एकही जातं वाजेना. ती शांतता मला अजून कानात दडे बसल्यासारखी आठवते. ज्वारी शेतात उभी होती आणि कापायला माणूस नव्हता. गिरणेच्या वाळवंटात लाकडं पुरेनात. आमच्याकडं काका पहिल्यांदा पडले आणि तिसऱ्या दिवशी गेले. नाना त्यांना पोचवून आले तर भिका तापानं फणफणलेला. काकीनं त्याला मांडीवरून खाली ठेवलाच नाही. तो गेल्यावरही किती तरी वेळ ती त्याच्या छातीवर हात फिरवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मायनं तिला धरून हलवलं, रड म्हणून ओरडली, तरी नाही. आणि त्याच संध्याकाळी सुपडू अंथरुणाला खिळला.

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे नानांचे चुलतभाऊ, आमच्या भाऊबंदकीतले सर्वांत वडील. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "नाना, रोट बाटना." त्यांच्या सुनेनं परसातून भिकाला पोळी देताना पाहिलं होतं आणि काकी दारात उभी असल्याचंही पाहिलं होतं. आबांनी एकेक बोट दुमडत सगळं सांगितलं. परक्याला रोट गेला, तिचा घरधनी गेला. ज्या हातानं दिला तो पोरगा गेला. जिनं पाहून अडवलं नाही ती धडधाकट बसली आहे आणि डोळ्यांत पाणीही नाही. आता सुपडू पडला. ती ह्या छपराखाली असेतोवर सुपडू उठायचा नाही. शिवाय भिकाचा गहू लहान मुठीनं मोजला होता, तेही त्यांना आठवलं. नाना खांबाला टेकून ऐकत होते. मी वाट बघत होते की ते आता म्हणतील, पकडा गोम.

शेवटी मीच बोलले. दाराआडून पुढं येऊन म्हटलं, "आबा, गावात बाकीच्यांचे रोट कुठं बाटले होते? त्यांची माणसं का मेली?" आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेस्नं बी काही चुकनं व्हई." मी म्हटलं, "आणि ज्यांच्याकडं रोट करतच नाहीत ते?" "तेस्नं दुसरं काही." माझं डोकंच तापलं. ह्या बोलण्याला तळच नव्हता, कुठूनही धरा, आबा दुसरीकडून वर यायचे. काकी रडली नाही तर पाषाणहृदयी, आणि रडली असती तर आबा सोंगच म्हणाले असते. मी नानांकडं वळले. "नाना, सांगा ना! बाजारचा दिवस होता ना? अर्धा तालुका आला होता ना?" नानांच्या डोळ्यांत मला काहीतरी हललेलं दिसलं. पण आतून सुपडूच्या खोकल्याचा आवाज आला आणि ते मिटलं. "चूप बस," ते म्हणाले. "तू आते ह्या घरनी नहीस." मला त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण ते वाक्य मला कानफटात बसल्यासारखं लागलं. नाना वाईट माणूस नव्हते. म्हणूनच ते आठवलं की आज ह्या वयातही माझा संताप होतो.

काकीला कुणी बाहेर काढलं नाही. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं एक घोंगडी, एक तवा आणि थोडं पीठ घेतलं, सुपडूच्या दाराशी क्षणभर थांबली, आत गेली नाही, आणि शेतातल्या राखणीच्या झोपडीकडं चालू लागली. माय तिच्या मागं धावली आणि अंगणाच्या कडेला थांबली. तीही आईच होती, तिचा पोरगा आत तडफडत होता. तिचे पाय पुढं गेले नाहीत, आणि मी तिला त्याबद्दल बोल लावू शकत नाही.

आणि सुपडू उठला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा ताप उतरला, त्यानं पेज मागितली. आबा ओट्यावर येऊन बसले, ह्या वेळी पाणी प्यायले, आणि म्हणाले, "देखं?" नानांनी मान हलवली. मी पेज ढवळत होते, ती पातेली तशीच ठेवून बाहेर आले. त्याच आठवड्यात गावातली बरीच माणसं उठून बसायला लागली होती. साथ जशी आली तशी निघाली होती. खुद्द आबांचा नातूही तापातून उठला होता आणि ओट्यावर ऊन खात बसलेला मी सकाळीच पाहिला होता. मी म्हटलं, "आबा, तुमना नातू बी उठना. तुमना घरमाईन कोण बाहेर गयं?"

आबा उठून निघून गेले, जाता जाता माझ्या सासरच्यांची कीव करत. नाना मात्र हाताचे पंजे एकमेकांत अडकवून बसले. मला वाटलं, आता मार बसणार. ते म्हणाले, "चाल, शेतात जाऊ."

काकी झोपडीच्या दाराशी चूल मांडून बसली होती. आम्हाला पाहताच तिनं पाठ केली आणि पदर ओढला. नाना पाच-सहा हात लांब, बांधावर उभे राहिले. मी मध्ये. नाना मला म्हणाले, "काकीला सांग, घरी चल." काकी मला म्हणाली, "नानाले सांग, सुपडू उठना. आते माले अठेच ऱ्हाऊ द्या." नाना म्हणाले, "तिला सांग, आबांचा नातू पण उठला. ह्यात गोम आहे. मला आधी दिसली नाही." माझा जीव भांड्यात पडला. आता काकी उठेल, तवा उचलेल आणि आमच्याबरोबर येईल असंच मला वाटलं. जिंकलो होतो ना आम्ही!

काकी चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. मग तिनं पदर तसाच ठेवून माझ्याकडं तोंड केलं. "गोम माले बी दिसस, पोर. मी काय आंधळी शे? पण मंग माले इतलंच सांग. रोटनं काही नही, मनं काही चुकनं नही, तं मना भिका कसाले गया? काहीच कारण नही? माणूस वाटनं चालस अन् पायखाले मुंगी मरी जास, तसा गया?" ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. मला उत्तर माहीत होतं. मी तोंड उघडलं. नाना बांधावरून कधी जवळ आले कळलं नाही, त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की बांगडी पिचली. मी बोलले नाही. आम्ही परत आलो.

काकी झोपडीतच राहिली. माय तिला भाकरी नेऊन द्यायची, सणासुदीला लुगडं द्यायची. ती शेतात राबायची, पण गावात यायची नाही, आणि लहान पोर दिसलं की लांबून वाट बदलायची. लोकांनी तिला वाळीत टाकलं नव्हतं, तिनंच स्वतःला टाकलं होतं. आपल्या हातून चुकलं, म्हणून पोर गेलं. तेवढं कारण उराशी धरून ती दिवस काढत होती. मी सासरी, चोपड्याकडं गेले. वर्षं गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा ती मला दिसली, कपाशीच्या ओळीत, केस पांढरे झालेले. मी हाक मारली. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि पाठ फिरवून जवळजवळ पळतच नदीकडं गेली. पुढं माय म्हणाली, की बाळाच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून ती नदीपलीकडच्या मळ्यात कामाला जाऊन राहिली आहे, दुसऱ्याच्या शेतावर.

मला मुलगा झाला. गोरा, रडका, मुठी आवळून झोपणारा. सुपडू त्याला उचलून ओट्यावर नाचवायचा. पाचव्या महिन्यात त्याला जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत तो गेला. बस, एवढंच. ह्याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही. भाऊबंदांतल्या बाया येऊन बसल्या आणि विचारायला लागल्या, ग्रहणात काही चिरलं होतंस का, ओल्या केसांनी पाजलंस का, कुणाची नजर. आणि मी, सगळ्यांची गोम पकडणारी मी, भिंतीला टेकून मनात तेच शोधत होते. तेव्हा ते पाणी पाजलं नसतं तर? त्या दिवशी त्याला घेऊन बाहेर गेले नसते तर? एखादं चुकलेलं सापडलं असतं तर मी त्याला मिठीच मारली असती.

नानांनी पोराला फडक्यात गुंडाळून घेतलं होतं, निघायची तयारी चालली होती. तेवढ्यात अंगणात कुजबुज झाली आणि बाया बाजूला झाल्या. काकी आली होती. कुणीतरी तिला मळ्यात कळवलं असणार. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, नदी तशीच उतरून आली होती. इतक्या वर्षांत तिनं ह्या अंगणात पाय ठेवला नव्हता. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तिनं तो सावरला नाही. ती ओट्याच्या पायरीशी थांबली, नानांच्या हातातल्या फडक्याकडं पाहत राहिली.

"मी दूर ऱ्हायनू," ती म्हणाली. माझ्याशी नाही, थेट नानांशी. जन्मात पहिल्यांदा. "नदीपल्याड ऱ्हायनू. सावली पडू दिन्ही नही. तठे ह्या घरना दाणा खादा नही. मंग हाऊ कसा गया?"

आबाही अंगणात होते. काकीच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं जे चुलीजवळ माझी वेणी ओढताना दिसायचं, तिला कळलं होतं, पण आता तिला ते कुणाच्या कानात सांगायचं नव्हतं. ती पायरीवर खाली बसली.

"नाना," ती म्हणाली, "मंग मना भिका बी तसाच गया ना?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही हात माझ्या पोरात गुंतले होते. मी भिंत सोडून उठले, तिच्याजवळ गेले आणि पायरीवर बसले.

"हो काकी," मी म्हटलं. "तसाच गया."

तिनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि हंबरडा फोडला. माझं पोर अजून ओट्यावरच होतं, आणि आम्ही दोघी भिकासाठी रडत होतो.